डावा कोपरा आणि जांभळ्यांचा मोसम

जांभळ्यांचा पहिला सामना आज संध्याकाळी आहे आणि सकाळपासून मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघतेय. हे वाक्य मी लिहिलंय यावर माझाच विश्वास बसत नाही. मी पन्नाशी ओलांडलेली, मूळची नाशिकरोडची, इंग्लंडात मिल्टन कीन्सला सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी बाई. ज्या खेळाचे नियम मला अजून धड कळत नाहीत आणि ज्या शहरात मी आयुष्यात एकदाच, तेही दात वाजवत फिरले, तिथल्या धिप्पाड पोरांच्या हातून चेंडू सुटू नये म्हणून मी इथे बागेत कपडे वाळत घालताना जीव मुठीत धरून असते. काय म्हणावं या बाईला!

बाहेर जून मात्र शहाण्यासारखा वागतोय. राउंडअबाउटच्या मधोमध पॉपी फुललीत, रेडवेवरून, म्हणजे इथल्या लाल सायकलवाटांवरून, सायकली चालल्यात. सुपरमार्केटच्या दारातच स्ट्रॉबेऱ्यांचा वास नाकात शिरतो आणि त्याच्या पाठोपाठ हे-फीव्हरची शिंक येते. ऑफिसात सगळे टेनिसवर बोलतायत. मी गप्प बसते. मागच्या वर्षी मी एकदा सांगायला गेले की मी कॅनडियन फुटबॉल बघते, तर आमचा टीम लीड म्हणाला, "कॅनडात फुटबॉल असतो?" आणि असा बघत राहिला की मी जणू चंद्रावरच्या कबड्डीची बातमी दिली होती. त्यानंतर मी विषय काढला नाही.

दोष सगळा सुजाताचा. सुजाता आमची एकुलती एक मुलगी. इथे जन्मली, इथेच शिकली, म्हणून तिचं मराठी 'मी येतो, तू बसला' असं, आणि मग नोकरीच्या कॉन्ट्रॅक्टवर कॅनडात गेली. तिथलं ते गवताळ सपाटीवरचं शहर, जिथे चार दिशांना नुसतं आभाळ दिसतं. पहिला हिवाळाभर ती फोनवर रडायची. "आई, इथे नाकातला श्वास पण फ्रीझ होते." मी म्हणायची, "ये मग घरी. खोली तशीच आहे." मग उन्हाळा आला, ऑफिसातल्या कुणीतरी तिला स्टेडियममध्ये नेलं, डोक्यावर जांभळी टोपी घातली आणि पोरगी गेली ती गेलीच. पुढच्या फोनला रडणं नाही की काही नाही. नुसतं लांबू कसा खेळला आणि बिचाऱ्यानं कशी माती खाल्ली! लांबू म्हणजे त्यांचा क्वार्टरबॅक, ज्यानं चेंडू फेकायचा तो. बिचारा म्हणजे किकर. अशक्य किक मारणार आणि सोपी हमखास चुकवणार. ही नावं आम्ही मायलेकींनीच ठेवली. कपडे जांभळे म्हणून अख्ख्या संघाचं नावच पडलं जांभळे.

खरं सांगू? मी सामने बघायला लागले ते खेळासाठी नाहीच. गर्दीत सुजू दिसेल म्हणून. कॅमेरा प्रेक्षकांवर गेला की मी चष्मा लावून टीव्हीच्या इतकी जवळ जायची की हे म्हणायचे, "आत शिर आता." आणि एकदा खरोखरच दिसली. तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत जांभळं रंगवलेलं, हातात हॉटडॉग, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती. "अहो! अहो, या इकडे, आपली सुजू!" हे हातात झारा घेऊनच धावत आले, तेवढा तुकडा मागे नेऊन परत बघितला आणि म्हणाले, "ही? ही आपली नाही." पुन्हा बघितलं. आपलीच होती.  पाहुणे आले की जिन्यावर लपून बसणारी माझी मुलगी ती! तिला इतकं मोठ्यानं ओरडता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं.

नियम मला हळूहळू कळले, तेही अर्धेमुर्धे. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळायचं. तीन प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांना द्यायचा. एवढं ठीक. पण एक नियम ऐकून मी हबकलेच. किक खांबांमधून गेली तर गुण, हे कळतं. पण चुकली आणि समोरच्यांना तो चेंडू त्यांच्या मागच्या पट्ट्यातून बाहेर काढता आला नाही, तर चुकवणाऱ्याला एक गुण मिळतो! मी सुजूला म्हटलं, "चुकीला गुण? हा तर सरळसरळ बग आहे." ती म्हणाली, "नाही आई, हा फीचर आहे." आमचे हे गणिताचे मास्तर, शाळेत शिकवतात. ते म्हणाले, "माझ्या वर्गाला सांगू नकोस." तेव्हापासून घरात पोळी करपली, भाजी खारट झाली की कुणीतरी म्हणतंच, "चुकलं तरी एक."

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरात नवस नाही, उपास नाही, दृष्ट काढणं नाही. माझे वडील, आमचे दादा, धम्म मनापासून मानणारे. मी दहावीच्या परीक्षेला निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी दही-साखर हातावर ठेवली, तर दादा म्हणाले, "भूक असेल तर खा. पेपर सोपा जावा म्हणून खात असशील तर ठेव खाली." मी ठेवली. पोटात कावळे ओरडत असताना ठेवली! हेही तसेच. रविवारी कम्युनिटी सेंटरमध्ये वंदना झाली की मुलांचा वर्ग घेतात आणि पहिला प्रश्न कुठला शिकवतात, तर "का?" अशा घरातली मी. आणि माझं कामही काय, तर एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय बिघडतं ते बघायचं.

तर मागचा मोसम. काय सांगू तुम्हाला! बेभरवशाचे लोक असतात, बेभरवशाची हवा असते, पण जांभळ्यांपुढे इंग्लंडची हवासुद्धा वचनाला जागणारी म्हणायची. पहिल्याच सामन्यात आदल्या वर्षीच्या विजेत्यांना त्यांनी असं धुतलं की मी तोंडावर हात ठेवून बसले. पुढच्याच आठवड्यात तळाच्या संघाकडून हरले. त्या संघानं तोवर एकही सामना जिंकला नव्हता. मग पुन्हा जिंकले, मग दोनदा हरले, मग हरता हरता जिंकले. एकदा मोठी आघाडी घेऊन शेवटच्या काही मिनिटांत सगळी घालवली. लांबूनं तर चेंडू थेट समोरच्या संघातल्या पोराच्या हातात दिला, अगदी हळदीकुंकवाचं वाण दिल्यासारखा. मी किंचाळले. हे बागेतून धावत आले, त्यांना वाटलं मी पडलेच. "काय झालं?" "दिला! हातात दिला हो!" "कुणाला? काय?" काय सांगणार? मी कपाळावर हात मारून बसले होते.

सोफ्याच्या डाव्या कोपऱ्याचा शोध मला ऑगस्टात लागला. त्या कोपऱ्यात मी गोधडीची घडी टाकून, मांडी घालून, हातात भाजलेल्या चण्यांची वाटी घेऊन बसायची. एकदा लंडनजवळच्या पिनरहून यांची मावसबहीण आणि तिचा नवरा जेवायला आले. ताई अगदी सहज त्या कोपऱ्यात टेकल्या आणि मी खुर्चीत बसले. जांभळे दणकून हरले. पुढच्या आठवड्यात मी कोपऱ्यात बसले, जिंकले. त्याच्या पुढच्या सामन्यात मध्येच दाराची बेल वाजली म्हणून उठले, आणि उठले तेवढ्यात चेंडू समोरच्यांकडे गेला. मग मी रीतसर तपासायला लागले. वाटी तीच, गोधडी तीच, फक्त कोपरा बदलायचा. आणि काय सांगू, जुळत होतं! नेहमी नाही, पण मला भरीस पाडण्याइतकं जुळत होतं. सुजूला सांगितलं तर ती खूष. "आई, मग तू उठायचा नाही. प्रॉमिस?" हे हसून हसून लोळले. "दादांना काय सांगशील? दही ठेवलं आणि सोफा धरला?" मला राग आला, लाजही वाटली. पण शनिवारी जेवणाच्या वेळेला मी कोपऱ्यातच होते.

इथवर गंमत होती. मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि गंमत संपली. सुजूचं कॉन्ट्रॅक्ट नोव्हेंबरात संपत होतं. कंपनी तिला कायम करायला तयार होती, फक्त तिनं हो म्हणायचं. ते ती म्हणत नव्हती, आणि नाहीही म्हणत नव्हती. पण जांभळे हरले की तिचा फोन यायचा, "बस झालं आई. मी येतो घरी. इथे काय आहे?" आणि जिंकले की, "आई, आज रस्त्यावर सगळे नाचत होते. अनोळखी म्हातारी आजी माझ्या गळ्यात पडली. हे शहर सोडणं इम्पॉसिबल आहे." दर आठवड्याला माझी मुलगी अर्धी घरी यायची आणि अर्धी परत जायची. ती येतो म्हणाली की हे लगेच वर तिच्या खोलीत जायचे. सप्टेंबरात त्यांनी तिच्या खोलीला रंग दिला, नवीन पडदे लावले. विचारलं तर म्हणाले, "भिंतीला ओल आली होती." ओल कसली! भिंत ठणठणीत होती.

आणि एका शनिवारी जांभळे जिंकत आले होते, मी माझ्या कोपऱ्यात होते, आणि माझ्या मनात आलं, उठावं. उठून स्वयंपाकघरात जावं. हरू देत मेले. ते मनात आलं आणि माझ्या हातातली वाटीच सुटली. चणे कार्पेटभर झाले. माझ्याच संघानं हरावं? ज्या पोरांसाठी मी घसा फोडला त्यांनी? आणि मी, दही खाली ठेवणारी, माझी लेक घरी आणायला सोफ्यावरून उठणार? इतका धक्का मला लांबूनंही कधी दिला नव्हता. मी चणे वेचत बसले, डोळे भरून आलेले, आणि हे विचारत होते, "अगं, हरले का?"

जांभळे पडत-धडपडत प्लेऑफला पोचले. म्हणजे आता हरले की मोसम संपला. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी सुजूचा व्हिडिओ कॉल आला. हसत होती, पण नखं कुरतडत होती. "मला डिसाइड होत नाहीये. सो, जांभळे जिंकले तर मी राहतो. हरले तर मी येतो. ओके?" मला वाटलं चेष्टा. म्हटलं, "सुजू, चेष्टा पुरे." ती म्हणाली, "सोमवारी त्यांना सांगायचं आहे आई." हे मागे उभे होते. मुलांना 'का?' शिकवणारा माणूस. मला वाटलं ओरडतील, आयुष्य असं चेंडूवर टाकतात का म्हणून. ते एवढंच म्हणाले, "किती वाजता आहे सामना?"

त्या आठवड्यात आमची घड्याळं मागे गेली होती, त्यांची अजून जायची होती. त्यामुळे सामना आमच्याकडे तासभर आधी सुरू व्हायचा. हे माझ्या ध्यानातच नव्हतं. चुका शोधायचा पगार घेते मी! मी दुकानातून पिशव्या घेऊन आले तर बाहेर अंधार पडलेला, टीव्ही चालू आणि हे बसलेले. कुठे? माझ्या कोपऱ्यात, गोधडीवर. मी बघितलं, त्यांनी बघितलं. "कुठेतरी बसायलाच हवं ना," म्हणाले.  मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि कणीक मळायला घेतली. आमचा दोघांचा कट न बोलताच ठरला.

टॅब्लेट मी पोळ्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्यात सुजू, तिच्या फ्लॅटमध्ये, जांभळी टोपी घालून. टीव्ही बाहेरच्या खोलीत, आवाज ऐकू येत होता. आणि काय सांगू, कोपरा काम करत होता! म्हणजे माझं तिथे नसणं काम करत होतं. जांभळे मागे पडले. आणखी मागे पडले. मी पोळ्या लाटत होते. हरतायत, हरतायत, म्हणजे येते, येते. नवे पडदे, सकाळचा चहा, रविवारी वंदनेला तिला बघून सगळ्या म्हणणार, अगं सुजाता किती मोठी झालीस. पोळी काही केल्या गोल होत नव्हती.

मग जांभळे सावरले. कसे ते मी बघितलं नाही, फक्त ऐकलं. शेवटी शेवटी बरोबरी झाली. टॅब्लेटमधून सुजू म्हणाली, "आई, मला तुझ्या मागे फ्रीज दिसतंय."

"पोळ्या करतेय गं."

"तू कोपऱ्यात नाहीये?"

"तवा तापलाय, सुजू."

ती रागावली नाही, हट्ट केला नाही. फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली बघत राहिली. लहानपणी शाळेच्या ट्रिपला मी नाही म्हटलं की ती अशीच बसायची. आणि मला तेव्हा कळलं. माझ्या मुलीचं ठरलेलं होतं. कधीच ठरलेलं होतं. तिला राहायचं होतं, आणि ते आम्हाला सांगायची हिंमत तिला होत नव्हती, म्हणून तिनं ते बिचाऱ्या जांभळ्यांच्या गळ्यात टाकलं होतं. तापल्या तव्यासमोर उभी असून मला हुडहुडी भरली.

मी गॅस बंद केला. टॅब्लेट उचलला, पिठाच्या हातानंच, आणि बाहेर आले. हे कोपऱ्यात बसलेले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या टॅब्लेटकडे बघितलं, टोपी काढून बसलेल्या मुलीकडे बघितलं. पडदे त्यांनी लावले होते, रंग त्यांनी दिला होता. ते उठले. गोधडी विस्कटली होती, ती दोन्ही हातांनी नीट केली आणि म्हणाले, "बस."

मी मांडी घालून बसले. शेवटचे काही सेकंद, बरोबरी, आणि किक मारायला कोण, तर बिचारा! किक तशी सोपी. म्हणजे आता चुकणारच. सुजूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. यांनी माझा खांदा धरला. बिचाऱ्यानं किक मारली आणि अर्थातच, अर्थातच चुकवली! खांबाच्या बाहेरून गेली. माझ्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. पण चेंडू मागच्या पट्ट्यात पडला, समोरच्या एका पोरानं उचलला, पळायला गेला, आणि तीन जांभळ्यांनी त्याला तिथेच लोळवलं. बाहेर येऊच दिलं नाही. मला काही कळेना. सगळे जांभळे मैदानात का नाचतायत? हेच ओरडले. देवाधर्माला, नशिबाला, दृष्टीला आयुष्यात कधी न मानलेला हा माणूस सोफ्यावर चढून ओरडला, "चुकलं तरी एक! अगं, चुकलं तरी एक!"

टॅब्लेटमध्ये सुजूची खोली उलटीपालटी झाली. ती नाचत होती, फोन कुठे होता कुणास ठाऊक, आम्हाला नुसतं छत दिसत होतं. मग तिचा चेहरा आला, लाल झालेला. आणि एकदम नाच थांबला. तिला बहुतेक आठवलं, जिंकलो म्हणजे काय झालं ते.

"आई?"

"हं."

"तू बसला होता ना शेवटी?"

"बसले होते."

"आणि बाबा?"

"त्यांनीच बस म्हटलं."

मग ती रडायला लागली. मीही. हे आत गेले आणि बऱ्याच वेळानं तव्यावर राहिलेली पोळी बशीत घेऊन आले, एका बाजूनं करपलेली, आणि आम्ही दोघांनी ती अर्धी-अर्धी खाल्ली.

त्यानंतरच्या शनिवारी, पुढच्या फेरीत, जांभळे हरले. नुसते हरले नाहीत, लाज गेली. मी कोपऱ्यात होते, गोधडी होती, वाटी होती, सगळं जिथल्या तिथे. दादांचंच खरं, सोफ्याला काय कळतंय! सेमीफायनलला मी ज्या हरण्याची वाट बघत होते ते हे असं, काही उपयोग नसताना, दाराशी येऊन उभं राहिलं. फोन वाजला तेव्हा माझं वेडं मन अजून वाट बघत होतं. मोसमभर प्रत्येक हरण्यानंतर तिनं एकच वाक्य म्हटलं होतं, मी येतो घरी. मी फोन कानाला लावला. ती नाक ओढत होती. म्हणाली, "जाऊ दे आई. पुढच्या वर्षी."

बस, एवढंच. पुढच्या वर्षी. मी फोन धरून उभी राहिले. माझी मुलगी तिकडची झाली हे मला सोमवारी तिनं कंपनीच्या कागदावर केलेल्या सहीनं कळलं नाही, त्या दोन शब्दांनी कळलं.

आणि आता ते पुढचं वर्ष आलंय. वरच्या खोलीत यांनी टेबल टाकलंय, तिथे मुलांच्या वह्या तपासतात. पडदे तेच आहेत. आत्ता मी लिहितेय तर बाहेरून त्यांची हाक आली, "अगं, सुरू होतंय. कितीदा सांगायचं?" मी बाहेर जाऊन बघते तर गोधडी घातलेली, वाटीत चणे, आणि हे स्वतः पलीकडच्या खुर्चीत, अंग चोरून. टॅब्लेटमधून सुजू विचारतेय, "आई, तू बसला का?"

"बसले गं, बसले," मी म्हटलं, आणि पहिल्याच मिनिटाला लांबूच्या हातून चेंडू सुटला.